पिन बसली म्हणजे पॉवर जुळली असं नसतं: गिटारच्या पेडलला किती व्होल्ट द्यायचे

पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा, आवाज बदलणारा छोटा डबा. आमच्या प्रॅक्टिसला एकदा मित्र डिले पेडलचा, म्हणजे वाजवलेलं परत परत ऐकवणाऱ्या पेडलचा, अडॅप्टर घरीच विसरून आला. कीबोर्डवाल्याकडे एक जास्तीचा अडॅप्टर होता, त्याची पिन घालून बघितली तर अगदी मापात बसली, मग काय, बटण दाबलं. पेडलचा दिवा लागलाच नाही, आणि मिनिटभरात अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापला. काढला लगेच, पण नंतर पेडलचा स्वतःचा अडॅप्टर लावूनसुद्धा ते चालू झालं नाही. कॉलेजातल्या मुलाने वर्षभर पैसे साठवून घेतलेलं पेडल होतं ते, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्या डिलेचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, आधी त्या मिनिटात आत नक्की काय झालं ते समजून घेऊ, कारण ते कळलं की बाकीचं सगळं कळतं.

पहिली गोष्ट, ती गोल पिन. बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतलं भोक २.१ मिलिमीटर. हीच पिन तुमच्या वायफाय राउटरला असते, सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असते, एलईडी पट्टीच्या अडॅप्टरला असते, आणि हल्ली वीज गेली की राउटर चालू ठेवायला लोक जो छोटा मिनी यूपीएस घेतात त्यालाही असते. म्हणजे घरात पाच-सहा अडॅप्टर असे असतात की जे तुमच्या पेडलमध्ये आरामात बसतील, आणि त्यातला बहुतेक वेळा एकही चालणारा नसतो. पिनचा आकार फक्त आकार सांगतो, आत किती व्होल्ट आहेत आणि प्लस कुठे मायनस कुठे हे पिन बघून कळत नाही.

कुठलाही अडॅप्टर लावायच्या आधी चार गोष्टी बघायच्या: किती व्होल्ट, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) की एसी (सतत दिशा बदलणारी), पिनच्या आत मायनस आहे की प्लस, आणि किती मिलिअँप, म्हणजे करंट किती (अँपिअरचा हजारावा भाग तो मिलिअँप). यातल्या पहिल्या तीन तंतोतंत जुळल्या पाहिजेत. चौथी, म्हणजे मिलिअँप, पेडलला लागतात तेवढे किंवा त्याहून कितीही जास्त चालतात. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, लोक २ अँपिअरचा अडॅप्टर बघून घाबरतात की बापरे पेडलला तर १० मिलिअँप पुरतात, जळेल ना. नाही जळणार. करंट अडॅप्टर ढकलत नाही, पेडल ओढतं. पंगतीत वाढपी पातेलं भरून उभा असला तरी तुम्ही मागाल तेवढाच भात पानात पडतो, पातेलं मोठं आहे म्हणून तुम्हाला जास्त खावं लागत नाही. व्होल्टचं मात्र तसं नाही, व्होल्ट अडॅप्टर ठरवतो, ते पेडलच्या प्रत्येक पार्टवर थेट येऊन पडतात आणि पेडलला त्यात नको म्हणायची सोय नसते.

तर ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह, म्हणजे पिनच्या आतल्या भोकात मायनस आणि बाहेरच्या नळीवर प्लस, हा पेडलच्या दुनियेतला सर्वसाधारण नियम. ९ व्होल्ट का, तर सुरुवातीची पेडलं ट्रान्झिस्टर रेडिओतल्या त्या चौकोनी बॅटरीवर चालायची, आपल्याकडे दुकानात जी ६एफ२२ म्हणून मिळते तीच. बॉसची छोटी पेडलं १९७७ ला आली, डीएस-१ हे १९७८ चं, इबानेझचं ट्यूब स्क्रीमर साधारण त्याच सुमाराचं, आणि ही सगळी मंडळी ९ व्होल्टवर जगणारी. मग तेच प्रमाण झालं.

आणि मायनस आत का, उलटं का नाही, राउटरसारखं प्लस आत का नाही? याचं उत्तर मला फार आवडतं कारण त्यामागे साधी काटकसर आहे. पेडलच्या डीसी जॅकमध्ये एक छोटा स्विच असतो, पिन आत गेली की तो उघडतो आणि आतली बॅटरी सर्किटपासून तोडतो, म्हणजे अडॅप्टर आणि बॅटरी एकमेकांशी भांडत नाहीत. हा स्विच जॅकच्या बाहेरच्या पट्टीला असतो. बॅटरीचं मायनस आधीच गिटारच्या इनपुट जॅकमधून जोडलं-तोडलं जातं (म्हणूनच केबल काढून ठेवली नाही तर बॅटरी संपत राहते), मग उरलं प्लस, ते बाहेरच्या पट्टीवरून नेलं की एका स्वस्त जॅकमध्ये सगळं काम होतं. बाकीच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र प्लस आत असतं. घरातले अडॅप्टर आणि पेडलचे अडॅप्टर यांचं जमत नाही ते एवढ्यासाठी.

अडॅप्टरच्या लेबलवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, एका बाजूला प्लस एका बाजूला मायनस. ठिपक्याकडे जाणारी रेघ जिथून येते ते चिन्ह आतलं. पेडलवरही जॅकशेजारी तेच चित्र असतं. दोन्ही चित्रं सारखी असली पाहिजेत, एवढंच बघायचं.

पण लेबलवर माझा पूर्ण भरवसा नाही, आणि तुम्हीही ठेवू नका, कारण कितीतरी स्वस्त अडॅप्टरवर चित्रच नसतं. २००-३०० रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल सुई पिनच्या आतल्या भोकात, काळी सुई बाहेरच्या नळीला, दोन्ही सुया एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. पेडलसाठी योग्य अडॅप्टर असेल तर मीटरवर आकड्याच्या आधी मायनस दिसतो, उणे ९ आणि काही. मायनस दिसला की बरोबर, नुसता ९ दिसला की ते राउटरचं. डीसीवर जवळजवळ शून्य दिसलं तर तो एसी अडॅप्टर असू शकतो, मग मीटर एसीवर फिरवून बघा. हे सगळं करायला अर्धं मिनिट लागतं.

कीबोर्डच्या अडॅप्टरबद्दल वेगळं सांगायला हवं कारण आपल्याकडे बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये गिटारशेजारी कीबोर्ड असतोच आणि अडॅप्टरची अदलाबदल तिथेच होते. १२ व्होल्टचे जे कीबोर्ड अडॅप्टर असतात ते बहुतेक सेंटर पॉझिटिव्ह, म्हणजे व्होल्टही जास्त आणि दिशाही उलटी. कॅसिओचा जुना एडी-५ मात्र ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह आहे, आणि त्याच कॅसिओचा नंतरचा साडेनऊ व्होल्टचा अडॅप्टर सेंटर पॉझिटिव्ह. म्हणजे कंपनी एक, व्होल्ट जवळपास तेच, आणि प्लस-मायनस उलटे. त्यामुळे 'कीबोर्डचा चालतो, मी लावलाय' असं कुणी सांगितलं तर कुठला ते विचारा.

आता उलटा अडॅप्टर लावल्यावर आत काय होतं. बहुतेक पेडलमध्ये पॉवरच्या तोंडाशी एक साधा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा टाकलेला असतो, १एन४००१ किंवा तसलाच. दिशा बरोबर असेल तेव्हा तो काहीच करत नाही, नुसता बसून असतो. दिशा उलटी झाली की तो चालू होतो आणि अडॅप्टरला सरळ शॉर्ट करतो, सगळा करंट स्वतःमधून वाहू देतो, पुढच्या आयसीपर्यंत (चिपपर्यंत) उलटे व्होल्ट जेमतेम ०.७ पोचतात. अडॅप्टर अगदीच दुबळा असेल तर डायोड वाचतो आणि अडॅप्टर तापतो. अडॅप्टर ताकदवान असेल तर डायोड आतून वितळून कायमचा शॉर्ट होतो, मग बरोबर अडॅप्टर लावला तरी पेडल मेल्यासारखं वाटतं. काही पेडलमध्ये डायोड आडवा न टाकता वाटेतच ओळीत टाकतात, ते जास्त सुरक्षित कारण उलटा करंट आत येतच नाही, पण साधा डायोड ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की जातीचा असेल तर ०.३ च्या आसपास. आणि काही पेडलमध्ये, विशेषतः जुन्या किंवा अगदी स्वस्त नकलांमध्ये, यातलं काहीच नसतं, तिथे उलटे व्होल्ट थेट आयसीवर.

दिशा बरोबर पण व्होल्ट जास्त, हे प्रकरण अवघड, कारण काही पेडलं त्यातून मजेत निघतात आणि त्यामुळे लोकांना वाटतं सगळीच निघतील. पेडलच्या आत प्रत्येक पार्टची हद्द वेगळी असते आणि सगळ्यात लहान हद्द ज्याची, ती त्या पेडलची हद्द.

ट्यूब स्क्रीमरमधलं ते प्रसिद्ध ४५५८ किंवा पुष्कळ पेडलांत असणारं टीएल०७२ घ्या, या ऑपअँपची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपची, कमाल हद्द एकूण ३६ व्होल्ट आहे, त्यांना १८ व्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण त्याच पेडलमध्ये पॉवर गाळायला जो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बसवलेला असतो त्याच्या अंगावर १६ व्होल्ट छापलेलं असेल तर? १८ दिल्यावर तो लगेच फुटेल असं नाही, आणि तोच धोका आहे, दोन-चार आठवडे सगळं छान चालतं, आत तो हळूहळू तापतो, फुगतो, मग एक दिवस घरघर सुरू होते आणि कुणाला कारण कळत नाही. तोच कपॅसिटर २५ व्होल्टचा असेल तर १८ ला त्याची हरकत नाही. बाहेरून दोन्ही पेडलं सारखीच दिसतात.

याहून नाजूक म्हणजे चार्ज पंप नावाची आयसी. क्लॉन सेंटॉर, बिल फिनेगन यांनी १९९४ ला बाजारात आणलेलं पेडल, ज्याच्या आज शेकडो नकला मिळतात, त्यात ९ व्होल्ट आत घेऊन आतल्या आत त्याचे १८ आणि उणे ९ बनवले जातात. ते काम करणाऱ्या ७६६० जातीच्या आयसीची मूळ आवृत्ती १०.५ व्होल्टपर्यंतच सहन करते, काही सुधारित आवृत्त्या १२ पर्यंत. ताजी बॅटरी मोजली तर साडेनऊच्या आसपास असते, म्हणजे मधे फक्त एक व्होल्टची जागा. क्लॉनच्या जातीच्या पेडलला कुणी 'जास्त हेडरूम मिळेल' (आवाज फाटायच्या आधी सिग्नलला जास्त जागा) म्हणून १८ व्होल्ट लावले तर ती आयसी त्याच क्षणी जाते. दुःख याचं वाटतं की हेडरूमसाठी लागणारे जास्तीचे व्होल्ट ते पेडल आत स्वतःच बनवत असतं, बाहेरून द्यायची गरजच नव्हती.

तिसरा प्रकार म्हणजे स्वस्त डिले आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमणारा आवाज देणारं पेडल), ज्यात पीटी२३९९ नावाची चिप असते. ही ५ व्होल्टवर चालते, तिच्या आधी एक छोटा रेग्युलेटर बसवलेला असतो, बहुतेक वेळा ७८एल०५, जो ९ चे ५ करतो. उरलेल्या ४ व्होल्टचं काय होतं, तर त्याची उष्णता होते. हिशोब करून बघू. चिप आणि तिच्याबरोबरचं सगळं मिळून ४० मिलिअँप ओढत असेल तर ९ व्होल्टवर उष्णता ४ गुणिले ४०, म्हणजे १६० मिलिवॅट. आता १८ व्होल्ट लावा, उरलेले व्होल्ट १३, आणि उष्णता १३ गुणिले ४०, म्हणजे ५२० मिलिवॅट. व्होल्ट दुप्पट केले, उष्णता तिपटीहून जास्त झाली, आणि ती सगळी शेंगदाण्याएवढ्या पार्टमध्ये, बंद लोखंडी नाहीतर अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यात, मे महिन्यात. कागदावर त्या रेग्युलेटरला ३० व्होल्टपर्यंत चालतात, पण कागदावर डबा बंद नसतो.

मग १८ व्होल्टवर आवाज खरंच सुधारतो का? काही पेडलचा सुधारतो, हे खरंय. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये सिग्नल मधोमध, साडेचार व्होल्टवर बसवलेला असतो, तिथून तो वर-खाली साधारण साडेतीन-चार व्होल्ट हलू शकतो, त्यापुढे डोकं आपटतं. १८ दिले की छत उंच होतं, जोरात वाजवलेली कॉर्ड मोकळी ऐकू येते. बूस्टर, इक्वलायझर, काही ओव्हरड्राइव्ह (आवाज हलकासा फाडणारी पेडलं) यात हा फरक जाणवतो. फुलटोनचं ओसीडी ९ ते १८ साठीच बनवलेलं आहे, एमएक्सआरचा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर तर १८ वरच चालतो. पण ट्यूब स्क्रीमरमध्ये आवाज फाटतो तो दोन छोट्या डायोडमुळे, साधारण ०.६ व्होल्टवर, छत ९ वर असो की १८ वर, सिग्नल तिथपर्यंत पोचायच्या आधीच कापला गेलेला असतो, त्यामुळे फरक फारच थोडा. फझमध्ये, म्हणजे आवाज खरखरीत फाडणाऱ्या पेडलमध्ये, तर ट्रान्झिस्टरचं बायसच, म्हणजे त्याची ठरलेली पातळीच, हलते, आवाज वेगळा होतो आणि कित्येकदा वाईट होतो. माझं मत स्पष्ट आहे, कंपनीने पेडलवर किंवा मॅन्युअलमध्ये ९ ते १८ असं लिहिलं असेल तरच द्या, नुसतं ९ लिहिलं असेल तर ९ च, कुणाच्या व्हिडिओत काहीही दाखवू देत.

आता आपल्याकडचा खास धोका, एलिमिनेटर. ज्यावर फिरवायचं बटण असतं, ३, ४.५, ६, ७.५, ९, १२, आणि वायरच्या टोकाला चार-पाच पिनांचा झुबका. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिलं पेडल यावरच चालवलंय. त्यात दोन गोष्टी वाईट. एक, पिन उलटसुलट लावता येते किंवा प्लस-मायनसचं बटण असतं, कुणाचा तरी हात लागला की दिशा बदलली. दुसरी जास्त मोठी, तो रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा, नसतो, ९ वर ठेवला तरी ९ देत नाही. आत ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्ट एसी देतो, पण एसीचे ९ म्हणजे सरासरीच्या हिशोबाचे, त्याचं शिखर १२.७ ला असतं, डायोडमध्ये साधारण १.४ गेले तरी कपॅसिटरवर ११ च्या वर जमा होतात. तो ५०० मिलिअँप ओढला जाईल या हिशोबाने बनवलेला असतो आणि आपलं पेडल ओढतं ५, म्हणून व्होल्ट अजून वर जातात. वर घरातली लाईन २३० च्या जागी रात्री २४५-२५० झाली तर त्याच प्रमाणात हेही चढतात. मोजून बघा, ९ लिहिलेला साधा एलिमिनेटर मोकळा असताना १२-१३ सहज दाखवतो. आता वरची ७६६० ची १०.५ ची हद्द आठवा.

शिवाय त्याची गुणगुण. आपल्याकडे लाईन ५० हर्ट्झची, रेक्टिफाय झाली, म्हणजे एसीची डीसी झाली, की १०० हर्ट्झची लहर उरते, आणि १०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ जी, सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, ज्याचे ९८ हर्ट्झ असतात. अँपमधून सतत किंचित बेसूर जी वाजतोय असं वाटलं तर तारा तपासू नका, अडॅप्टर तपासा. अमेरिकेत लाईन ६० ची असते म्हणून त्यांची गुणगुण १२० ला, बी च्या थोडी खाली.

अमेरिकेवरून आठवलं, न्यू जर्सीहून किंवा बे एरियातून येताना मामा-काका पेडल आणतात, सोबत त्याचा तिकडचा अडॅप्टर. त्यावर इनपुट बघा. १०० ते २४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा तुकडा लावून इथे चालेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर तो इथल्या २३० वर लावायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळताना पेडलला काय देऊन जाईल सांगता येत नाही. अनेक आउटपुटवाले चांगले महागडे पॉवर सप्लायही १२० आणि २३० असे वेगवेगळे बनतात, व्हूडू लॅबच्या पेडल पॉवर २ प्लसचं तसंच आहे, त्यामुळे मागवतानाच सांगा.

सगळीच पेडलं ९ डीसी नाहीत हे वर आलंच. लाइन सिक्सचं जुनं हिरवं डीएल४ ९ व्होल्ट एसीवर चालतं, डिजिटेकचं चौथ्या पिढीचं व्हॅमी पण ९ एसी, पाचव्या पिढीपासून डीसी. एसी अडॅप्टर डीसी पेडलला लावला तर सेकंदाला ५० वेळा दिशा उलटी होते, म्हणजे उलटा अडॅप्टर लावण्याचंच पाप. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं डिलक्स मेमरी मॅन २४ व्होल्टचं, तो अडॅप्टर चुकून शेजारच्या ९ च्या पेडलमध्ये गेला तर वाचणं कठीण. इव्हेंटाइडचं टाइमफॅक्टर आणि त्याची भावंडं ९ व्होल्ट, पण सेंटर पॉझिटिव्ह, आणि पिन २.५ ची. जुन्या प्रोको रॅटला तर हेडफोनसारखी ३.५ ची पिन. बॉसच्या जुन्या पेडलांवर एसीए लिहिलेलं असतं, ती त्या काळच्या अनरेग्युलेटेड, खरं म्हणजे १२ च्या आसपासच्या अडॅप्टरसाठी बनवलेली, त्यात व्होल्ट पाडायला एक रेझिस्टर आणि डायोड मुद्दाम टाकलेले. अशा पेडलला आजचा रेग्युलेटेड ९ चा पीएसए (बॉसचाच नंतरचा अडॅप्टर) लावला तर दिवा मंद जळतो आणि आवाज दमल्यासारखा येतो. ते बिघडलेलं नाही, सेकंडहँड घेताना हे माहीत असू द्या, नाहीतर चांगलं पेडल परत कराल.

आता एका अडॅप्टरवर अनेक पेडलं. सगळ्यात स्वस्त मार्ग डेझी चेन, एक वायर आणि तिला पाच-सहा पिना. सगळी ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह ॲनालॉग पेडलं असतील तर काही वाईट नाही, मी कित्येक वर्षं तशीच चालवली. करंटची बेरीज मात्र करा. डीएस-१ ला ४ मिलिअँप पुरतात, टीयू-३ ट्यूनरला ३०, आणि स्ट्रायमनच्या बिगस्कायसारख्या डिजिटल रिव्हर्बला ३००. तिघांची बेरीज ३३४, आणि तुमचा अडॅप्टर २०० चा असेल तर तो खचतो, व्होल्ट पडतात, डिजिटल पेडल मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं, बारीक शिट्टी येते. बेरजेपेक्षा पाव भाग तरी जास्तीचा अडॅप्टर घ्या. शिट्टी पुरेसा करंट असूनही येऊ शकते, कारण डिजिटल पेडलच्या घड्याळाचा कचरा त्याच वायरीतून ॲनालॉग पेडलमध्ये शिरतो.

एक पेडल मात्र डेझी चेनमध्ये कधीच नको, जुन्या पद्धतीचं जर्मेनिअम फझ. फझ फेस १९६६ ला लंडनमध्ये आर्बिटरने आणला, त्यात पीएनपी ट्रान्झिस्टर, आणि त्यांच्यासाठी सर्किट उलटं, पॉझिटिव्ह ग्राउंड, म्हणजे डब्याला प्लस. बाकी सगळ्या पेडलांच्या डब्याला मायनस. पॅच केबलची, म्हणजे एका पेडलमधून दुसऱ्यात जाणाऱ्या छोट्या केबलची, बाहेरची जाळी दोन्ही डबे जोडते. म्हणजे एकाच अडॅप्टरवर दोघं असली की पॅच केबल लावल्याक्षणी प्लस आणि मायनस एकत्र, सरळ शॉर्ट. पिन उलटी करणारी छोटी वायर लावूनही हे सुटत नाही, उलट तेच घडतं. अशा फझला एक तर बॅटरी, नाहीतर आयसोलेटेड आउटपुट.

आयसोलेटेड म्हणजे सप्लायच्या प्रत्येक आउटपुटचा प्लस-मायनस बाकीच्यांपासून आतून पूर्ण तुटलेला, जणू आठ वेगळ्या बॅटऱ्या. असं असेल तरच दोन ९ ची आउटपुटं खास वायरने ओळीत जोडून १८ करता येतात. डेझी चेनच्या दोन पिनांनी हे करायला गेलात तर शॉर्ट होईल. विकत घेताना एक लक्षात ठेवा, डब्याला आठ भोकं आहेत म्हणजे आठ आयसोलेटेड आहेत असं नसतं, कित्येक स्वस्त डबे आतून एक डेझी चेनच असतात. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, सप्लाय बंद असताना, एका आउटपुटच्या मायनसपासून दुसऱ्याच्या मायनसला टोचा, बीप आली तर आयसोलेटेड नाही. माझ्या मते बजेट असेल तर सहावं पेडल घ्यायच्या आधी हा सप्लाय घ्यावा, बोर्डावरचा आवाज त्याने जितका साफ होतो तितका कुठल्याच पेडलने होत नाही.

पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट काढणाऱ्या केबलही मिळतात, वीज नसेल तेव्हा चालतात, काहींतून बारीक किणकिण येते. पहिल्यांदा लावायच्या आधी मीटरने मोजा, काही केबल १२ च्या असतात आणि दिसायला तशाच.

पेडलमधल्या ९ किंवा १८ व्होल्टने तुम्हाला काही होत नाही. २३० ने होतं. दोन पिनांचे अडॅप्टर लावल्यावर पेडलच्या डब्यावर हात फिरवला की मुंग्या येतात, तारा आणि माइक एकदम लागले की ओठाला झटका बसतो, हे आपल्याकडे मांडवात इतकं नेहमीचं झालंय की लोक दुर्लक्ष करतात. नका करू. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावल्यावर स्टेजवरच गेला. अँपची तिसरी पिन मोडू नका, अर्थ नसलेल्या बोर्डावर अँप लावू नका, मांडववाल्याला अर्थिंगचं विचारायला लाजू नका.

तर तो डिले. दोन-तीन महिने कपाटात पडून होता, मग मित्राने माझ्याकडे आणला. मागचे चार स्क्रू काढले, डीसी जॅकच्या मागोमाग तो डायोड होता, अंगावर किंचित काळपट. मीटर लावला, दोन्ही दिशांनी बीप. सोल्डर काढून डायोड बाहेर घेतला, शॉर्ट गेला. तपकीर गल्लीतून आणलेला दोनेक रुपयांचा १एन४००७, चांदीची पट्टी प्लसकडे ठेवून, त्याच्या जागी लावला, बरोबरचा अडॅप्टर जोडला आणि दिवा लागला. आधी साधी ई वाजवली, ती परत परत येत राहिली, मित्र काहीच बोलला नाही, नुसता ऐकत बसला. आता त्या पेडलच्या पाठीवर पांढऱ्या मार्करने लिहिलंय, ९ डीसी, आत मायनस, आणि कीबोर्डवाल्याने स्वतःहून आपल्या अडॅप्टरच्या पिनला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.